दुपारी नाचायला काय हरकत?

महोदय,

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात आशियाई मुलामुलींसाठी भरदुपारी भांगड्याचे डिस्को भरत. रात्री बाहेर पडायची सोय नाही, म्हणून कॉलेज बुडवून यायचे, दप्तरातले कपडे क्लबच्या बाथरूममध्ये बदलायचे आणि दिवेलागणीला साळसूदपणे घरी हजर!

आपल्याकडे असा क्लब का चालू नये? रात्री १०ची लाउडस्पीकरबंदी आड येत नाही, बायकांना परतीची बस मिळते. दारूचा गल्ला नसेल, तेव्हा तिकीट आणि सरबतावरच भागवावे लागेल. मुहूर्त नसताना रिकामी राहणारी मंगल कार्यालये तासांवर मिळाली, तर तेही जमेल. मात्र निवासी भागात दिवसाही ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती चालकाने पाळावी. (लग्नाच्या वरातीत कोण पाळतो, ते सोडा.)

– एक वाचक, ठाणे