ते पाकीट तुम्ही त्याच्या हातात दिलंत

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायला मला वर्ष लागलं. लिहायला बसलं की गळा दाटून यायचा आणि वही तशीच मिटायची.

माझा धाकटा भाऊ तेव्हा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. भिंतीपलीकडून कुणीतरी माझ्याबद्दल बोलतंय, म्हणायचा. जेवणात काहीतरी घातलंय म्हणून आईनं वाढलेलं ताट सरकवायचा. आम्ही देवऋषी केले, अंगारे लावले, त्यात सात महिने गेले. ती चूक आमची, ती मी कुणावर ढकलणार नाही. पण नंतर ज्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर धरली आणि आमच्या वडिलांना म्हणाले, "मेंदू आकसलाय. आता याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका." भाऊ शेजारच्याच खुर्चीत होता! तासगाव येईपर्यंत एसटीत तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता, खड्ड्यात गाडी आदळली की आणखी घट्ट. आतलं काहीतरी सांडेल अशी भीती वाटत असावी त्याला. मॅडम, ते हात मला अजून दिसतात.

मग कुणीतरी मिरजेला तुमच्याकडे जा म्हणालं. वडिलांनी पाकीट पुढे केलं. तुम्ही विचारलंत, "फिल्म कुणाची आहे?" आणि ते न उघडताच भावाच्या हातात दिलंत. "तुझी आहे ना? मग तू काढ, आपण दोघं बघू." स्टूल ओढून त्याला खिडकीशी बसवलंत. तोवर सगळे त्याच्याबद्दल बोलत होते, त्याच्याशी कुणीच नाही.

त्यानं विचारलं, "माझा मेंदू खराब झालाय का?" तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. स्किझोफ्रेनिया या आजारात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या थोड्या मोठ्या आणि काही भाग थोडे लहान आढळतात, हे तुम्ही त्याला सांगितलंत. पण तो फरक शेकडो लोकांची सरासरी काढल्यावर दिसतो, एकट्याच्या फिल्मवरून त्याचं पुढचं आयुष्य वाचता येत नाही, हेही सांगितलंत. वडिलांना ते कळेना. तेव्हा म्हणालात, "काका, तालुक्याचा सरासरी पाऊस ऐकून तुमच्या विहिरीला पाणी किती, ते सांगता येईल?" द्राक्षबागायतदार माणूस, एका वाक्यात समजले.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, म्हणून नंतर वाचत बसले. या पोकळ्या मोठ्या असल्याचं लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९७६ साली सीटी स्कॅनवर दाखवलं होतं, पण ते रुग्ण वर्षानुवर्षं आजारी असलेले. २०१६ साली अनेक देशांतले २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसं यांचे स्कॅन एकत्र तपासले, तेव्हा स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस सरासरीनं लहान आणि पोकळ्या मोठ्या निघाल्या. तरी दोन्ही गटांतली कितीतरी माणसं एकाच मापात बसतात. आजाराची वाट सुरुवातीच्या स्कॅनवरून ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे, आणि ते व्हायलाच हवं. पण त्याचा आधार घेऊन एका पोराच्या तोंडावर दार लावून घेण्याइतकं ते पक्कं नाही. उपचाराविना जितके महिने जातात तितकं सुधारणं अवघड होतं, हे मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आमचे सात महिने तुम्ही लपवले नाहीत, पण आईला त्यावरून एक शब्दही बोलला नाहीत. ती बाहेर येऊन पायरीवर बसून रडली, किती दिवसांनी मोकळी रडली.

औषधं, तपासण्या, चकरा हे सगळं झालं, ते लिहीत नाही. मध्ये एकदा पुन्हा बिनसलं, तेव्हाही तुम्ही आधी त्याच्याशीच बोललात. शिकलेली, हुशार माणसं पुष्कळ भेटली मॅडम. समोरच्याला माणूस समजून बोलणारी फार थोडी. तुमच्या केबिनबाहेर पाणी देणाऱ्या मावशीसुद्धा त्याला नावानं हाक मारतात, ते कुणाकडे बघून आलं हे कळतं.

कॉलेज अजून सुरू झालेलं नाही. यंदा बेदाण्याच्या शेडवर वजनाची वही त्यानं सांभाळली. पाकीट त्याच्याच कपाटात आहे, कपड्यांच्या खाली.

पुढच्या गुरुवारी तो एकटा येणार आहे, एसटीनं. स्वतः निवडलेले दोन किलो बेदाणे घेऊन येतोय. नको म्हणू नका.

तुमची,
त्याची ताई