पान्हा फिरायला जागा

मंगळवेढा,
१२ जानेवारी

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर बोलत होतीस आणि मी नुसता 'हं, हं' करत होतो. आण्णांना काही कळत नाही असं तुला वाटलं असेल. निम्मं नाहीच कळलं. पण जे निम्मं कळलं त्यानं रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला माहीतच आहे. तुझी आई शेजारी बसून मधेच 'जेवलीस का विचारा' म्हणते, आणि माझ्या बोलण्याचा धागा तुटतो.

तर तुझं कडबाकुट्टीचं, म्हणजे चारा कापायच्या यंत्राचं, हात वाचवणारं झाकण बघून कॉलेजच्या ज्युरीत एकांनी विचारलं, ह्यात इनोव्हेशन काय आहे? कडबाकुट्टीची झाकणं आणि जाळ्या बाजारात मिळतात, मग एम.डेस.च्या, म्हणजे डिझाईनच्या पदव्युत्तर वर्गातल्या, विद्यार्थिनीनं नवीन काय केलं? खरं सांगू का, प्रश्न मला वावगा वाटला नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही विचारला असता. खटकलं ते पुढचं. 'आता सेन्सर बसवते, हात जवळ आला की मोटर बंद, आणि मोबाईलवर मेसेज,' असं तू म्हणालीस, आणि ते म्हणताना तुझा आवाज विझलेला होता. तुला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं. चाकणची नोकरी सोडताना तुझा आवाज असा नव्हता. तेव्हा मी विरोधात होतो आणि तू ठाम होतीस.

त्या विरोधाचं एकदा सांगूनच टाकतो. तू मेकॅनिकल करून चांगली नोकरीला लागलेली. मग एकदम म्हणालीस, सीडची, म्हणजे डिझाईनच्या प्रवेशाची, परीक्षा देते. तीन तासांची परीक्षा आणि त्यातले दोन तास कागदावर चित्रं काढायची, हे ऐकून मला घामच फुटला. पाहुण्यांत वर्षभर मी 'इंजिनिअरिंगमधलंच पुढचं शिकतेय' असं सांगत होतो. खोटं नव्हतं, पण सांगताना माझी मान खाली जायची हे खरं. कर्जाच्या कागदांवर सही केली तीही तुझ्या आईनं पेन हातात दिलं म्हणून. आता तसं वाटत नाही. का ते नेमकं सांगता येणार नाही, पण दिवाळीत तू अंगणात बसून आईच्या तांब्याचं चित्र काढत होतीस, तिथून काहीतरी बदललं असावं.

आठवतंय ना? ईम्स हे डिझाईनर नवरा-बायको अमेरिकेहून आले, १९५८ मध्ये त्यांनी सरकारला अहवाल दिला, त्यात आपल्या तांब्यावर पानभर मजकूर आहे आणि त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची एनआयडी, ती डिझाईनची संस्था, उभी राहिली, असं तू सांगत होतीस. तांब्या कुणा एकानं डिझाईन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेक हातांनी घडवला, असं त्यांनी लिहिलंय. मला ते फार आवडलं. आई चुलीपाशी राख चाळत होती. ती तिथूनच म्हणाली, "हात आत जातो का ते बघा आधी. गळा बारीक असला की बुडाशी शेवाळ धरतं." तू हसलीस आणि म्हणालीस, त्यांनी घासण्याचाही विचार केलाय. पण आईनं तो पहिल्याच वाक्यात केला. तुमच्या वर्गात ती असती तर तुम्हाला जड गेलं असतं.

आता माझ्या धंद्याचं. नोकरीतली सगळी वर्षं मी हापसे दुरुस्त केले, त्यामुळे उदाहरण हापशाचंच देणार. कंटाळू नकोस.

तू ज्याला इंडिया मार्क टू म्हणून ओळखतेस तो हापसा आकाशातून पडलेला नाही. साठच्या दशकात आपल्याकडे बोअर पाडायची यंत्रं आली. बोअर पडले आणि त्यांच्यावर बसले बिडाचे पंप, परदेशातल्या शेतघरांत असायचे त्यांच्या नकला. एका कुटुंबानं दिवसातून दहा-वीस बादल्या काढाव्यात म्हणून केलेली ती वस्तू, आणि आपण ती अख्ख्या गावाच्या हातात दिली. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा थांबत नसे. मग पिना झिजल्या, भोकं मोठी झाली, बिडाचे कान तुटले. बोअरला पाणी आणि वर मेलेला पंप, अशी गावंच्या गावं होती.

त्यावर उपाय निघाला तो आपल्याच भागातून. जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप केला, आणि सोलापुरात शाळा-कॉलेजात न शिकलेल्या, हातानंच शिकलेल्या एका मेकॅनिकनं आणखी एक केला. त्याला सोलापूर पंपच म्हणतात. त्यात त्यानं काय केलं ते बघ. जुन्या पंपात दांडा थेट रॉडला पिनेनं जोडलेला. दांडा फिरतो कमानीत आणि रॉड जायला पाहिजे सरळ, म्हणून प्रत्येक हापशाला रॉड आडवा ढकलला जायचा आणि सगळं झिजायचं. ह्यानं तिथं साखळी घातली. दांड्याच्या टोकाला वाटोळा तुकडा, त्यावरून साखळी, साखळीला रॉड. दांडा कसाही फिरो, रॉड सरळच वर येणार. साखळीला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं, पण खाली जायचं काम रॉडचं वजनच करतं. आणि दांडा फिरवायला एकच आस, सीलबंद बेअरिंगवर. सायकल ज्यानं खोललीय त्याला ह्यात नवं काहीच नाही. साखळी बाजारात होती, बेअरिंगही होतं. त्याला कुणी ज्युरीत बसवून 'ह्यात इनोव्हेशन काय' विचारलं असतं तर बिचारा काय बोलला असता?

पुढे सत्तरच्या दशकात युनिसेफनं, मद्रासच्या संशोधन संस्थेनं आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीनं तो हातात घेतला, कोइमतूरच्या बाजूला खोल बोअरवर चाचण्या केल्या, आणि मार्क टू झाला. १९७९ मध्ये त्याचं मानक निघालं, आय.एस. ९३०१. पेटंट घेतलं नाही. ज्याला येतं त्यानं बनवा, फक्त तपासणीत उतरला पाहिजे. म्हणून तो आफ्रिकेपर्यंत गेला. ही इतकी मोठी गोष्ट मला नोकरीला लागल्यावर दहा वर्षांनी कळली. तोवर मला हापसा म्हणजे फक्त तक्रार-वहीतला एक नंबर होता.

आता त्याच मार्क टूचं दुसरं अंग सांगतो, कारण माझा सगळा जीव तिथं अडकलाय. त्या पंपाच्या डोक्याला पुढून एक झाकण आहे, एका बोल्टवर. एक पान्हा घेऊन कुणीही ते उघडावं, साखळीला ग्रीस लावावं, बंद करावं. इतकं सोपं. पण पाणी येईनासं व्हायचं ते बहुतेक वेळा साखळीमुळे नाही. तळाच्या सिलेंडरमध्ये चामडी वॉशर असतात, ते झिजतात. सिलेंडर अडीच इंची आणि वर येणारा पाईप सव्वा इंची. पिस्टन त्या पाईपातून वर येणारच नाही. मग वॉशर बदलायला सगळे पाईप उपसायचे. शंभर फूट खोल असला तर दहा-दहा फुटांचे दहा पाईप, आत रॉड, कधी पाण्यासकट. तिवई लावायची, चेन पुली टांगायची, खाली क्लॅम्प धरायचा. चार माणसं, आमची गाडी आणि अर्धा दिवस. तालुक्याला गाडी एक.

एका उन्हाळ्यात एका वाडीवर आम्ही तिसऱ्या आठवड्यात पोचलो. ओट्याभोवती बायका जमल्या होत्या. मी झिजलेलं वॉशर काढून ओट्यावर टाकलं. एका म्हातारीनं ते उचललं, बोटांत धरून उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे केवढ्याला येतं रं?" मी म्हणालो, असेल चार-पाच रुपयांना. ती काही बोलली नाही. वॉशर पदराच्या टोकाला बांधून निघून गेली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

नंतर मार्क थ्री आला. त्यात वरचा पाईपच अडीच इंची केला, पिस्टन त्यातूनच वर ओढता येतो. गावातली दोन माणसं, थोडी हत्यारं, काम झालं. पाईप जाड म्हणून महाग आणि बसवताना जड, हे खरं, आणि म्हणून आमच्याकडे फारसे बसले नाहीत. पण ज्यानं कुणी तो पाईप मोठा करायचं ठरवलं, तो माणूस नक्की कधीतरी उन्हात चेन पुली ओढत उभा राहिला असणार, असं माझं मन सांगतं.

आता तुझी कडबाकुट्टी. काल सकाळी मी शेजारच्या काकूंच्या गोठ्यात जाऊन बसलो. काकू म्हणाल्या, "भाऊजी, चहा?" म्हटलं, चहा नको, तुमची कडबाकुट्टी बघायचीय. त्यांना वाटलं विकत घ्यायचीय, लगेच मोटरचं कौतुक सुरू केलं. त्यांच्याकडे कंपनीनं दिलेलं चाकावरचं अर्धगोल झाकण आहे. कुठं आहे विचार! भिंतीकडेला उलटं पडलंय, त्यात भुसा घातलाय, आणि कोंबडी अंड्यांवर बसलीय.

का काढलं विचारलं तर आधी म्हणाल्या, "असंच." मी बसूनच राहिलो. मग हळूहळू बाहेर आलं. पाती चार-पाच दिवसांनी बोथट होतात, धार लावावी लागते. धार लावायची तर झाकण काढायला पाहिजे. झाकणाला चार बोल्ट, तेरा नंबरचा पान्हा लागतो, आणि त्यातले दोन चाकाच्या पाठीमागं. मी स्वतः हात घालून बघितला. तिथं पान्हा पाव वेढाही फिरत नाही, प्रत्येक वेळी काढून परत लावायचा. नातवानं पहिल्यांदा चारही बोल्ट बसवले. दुसऱ्यांदा पुढचे दोनच. तिसऱ्यांदा झाकण भिंतीला गेलं. शिवाय ओला मका टाकला की कोंबतं, आणि झाकण असलं तर कुठं कोंबलं ते दिसत नाही. आणि वस्तीवर लाईट येते रात्री, म्हणजे हे सगळं एका बल्बच्या उजेडात.

वस्तीवरल्या आप्पांची दोन बोटं गेली ती मात्र पात्यांनी ओढून नव्हे. पेंढीचा आळा न सोडता तशीच पेंढी तोंडात सारली, आळ्यात बोटं अडकली, आणि रोलरनं पेंढीबरोबर हातही आत घेतला. हे तू मला आधीच समजावलं होतंस, तोंडावर लांब झाकण पाहिजे म्हणून. तुझं ते झाकण बरोबर आहे. कोपर आत जाईल इतकं लांब आहे, म्हणजे हात रोलरपर्यंत पोचतच नाही. पण दिवाळीत तू मागं ठेवून गेलेला कागद मी काल चष्मा लावून परत बघितला. 'बाहेरून एकही स्क्रू दिसणार नाही' असं तू कोपऱ्यात लिहिलंयस, खाली रेघ मारून. माऊ, दिसणार नाही म्हणजे सापडणार पण नाही. तुझे स्क्रू आतल्या बाजूनं आहेत. चाकाच्या पाठीमागं. त्याच दोन बोल्टांच्या शेजारी.

मला डिझाईन येत नाही. एवढंच विचारतो: धार लावायच्या दिवशी तुझं झाकण कुठं असेल? ते निघूच नये, नुसतं उघडावं, बिजागरीवर, पेटीच्या झाकणासारखं, असं काही होतं का? उघडं असताना मोटर सुरूच होऊ नये, हे तुझ्या सेन्सरपेक्षा एखाद्या साध्या खटक्यानं होईल का? फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो तसा, पण उलटा. सेन्सरला माझा विरोध नाही. पण कडब्याची धूळ दोन दिवसांत चहाच्या कपावर साय धरते तशी धरते. तो सेन्सर पुसणार कोण? काकू? ज्युरीतल्यांनाही हेच सांग, म्हणजे ऐकतील तरी. बाजारात झाकणं मिळतात हे त्यांचं बरोबर आहे. ती किती गोठ्यांत जागेवर आहेत ते तू मोजून दाखव. आपल्या आळीत सात कडबाकुट्ट्या आहेत. मी काल सगळ्या फिरलो. झाकण जागेवर आहे एका ठिकाणी, आणि ते यंत्र गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे.

आणि एक. पुढच्या वेळी वही घेऊन येशील तेव्हा दुपारी येऊ नकोस. दिवाळीत तू दुपारी गेलीस, ओट्यावर पुरुषमंडळी बसलेली, सगळी उत्तरं त्यांनीच दिली. कुट्टी करतात बायका, संध्याकाळी दुधाची धार काढायच्या आधी, नाहीतर लाईट आल्यावर. तेव्हा जा, आणि काही विचारू नकोस, पेंढ्या सोडायला बस. भिंतीवरच्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या चार दिवस कमी लागल्या तर चालेल.

पैशाचं टेन्शन घेऊ नकोस. मॉडेलला पत्रा, बिजागऱ्या लागतील ते मी इथल्या वेल्डरकडून करून ठेवतो, माझ्या ओळखीचा आहे, तुझ्या मुंबई-पुण्याच्या निम्म्यात होईल. आईनं ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी बांधून ठेवलीय. हुरडा आलाय, महिनाअखेरपर्यंत टिकेल. शनिवार-रविवार जोडून ये.

फक्त काकूंच्या झाकणाचं माप लगेच मिळणार नाही. मी काल टेप घेऊन वाकलो तर कोंबडीनं हाताला चोच मारली आणि काकू माझ्यावरच ओरडल्या, पिल्लं निघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आठ तारखेला बसवलीय. एकवीस दिवस धरले तर २९ तारीख. त्या हिशेबानं तिकीट काढ.

तुझे,
आण्णा