वाटी कोणती ते आम्हाला ठाऊक आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत घरोघरच्या लाडक्या पाककृती-पुस्तकांवर आलेला लेख वाचला. कालच लिहायला बसले असते तर तुम्हाला ते छापता आलं नसतं, म्हणून एक रात्र जाऊ दिली. रात्रीनं फारसा फरक पडलेला नाही.

आधी फोटोबद्दल. पांढरी भिंत, लाकडी फळी, तिच्यावर सात पुस्तकं. सातही ताठ उभी आणि शेजारी कसल्याशा परदेशी पाल्याची कुंडी. एकाही पुस्तकाच्या पाठीला हळदीचं बोट नाही. ज्या घरात ही पुस्तकं आहेत तिथं दोन वेळचा स्वयंपाक होतो, याला पुरावा काय? आमच्याकडे पाककृतीचं पुस्तक उभं राहू शकत नाही. त्याची पाठ कधीच निघालेली असते, म्हणून ते मसाल्याच्या डब्याखाली आडवं पडलेलं असतं. मधे खूण म्हणून विजेचं बिल नाहीतर लग्नपत्रिकेचा कोपरा, आणि पुरणपोळीचं पान तर बोट लावलं की आपसूक उघडतं. लेखिकाबाईंनी म्हणे 'रोज हाताशी लागणारी' पुस्तकं निवडली आहेत. असतीलही. मग त्यांचा हात फार स्वच्छ असला पाहिजे.

सातांतली चार इंग्रजी. त्याबद्दल तक्रार नाही, ज्याला जे जमेल ते त्यानं करावं. पण 'रुचिरा'ला शेवटच्या परिच्छेदात दीड ओळ? कमलाबाई ओगल्यांचं पुस्तक १९७० साली आलं. त्यानंतर महाराष्ट्रात किती मुली ते पेटीत घालून सासरी गेल्या, हे आमच्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा. आणि मंगलाताई बर्व्यांच्या 'अन्नपूर्णा'चं तर नावसुद्धा नाही! वर वाक्य असं की मराठीत पाककृतींची छापील परंपरा जेमतेम पन्नास वर्षांची. 'सूपशास्त्र' हे पाककृतींचं पुस्तक १८७५चं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१०चं, आणि त्याच्या नावातच 'एक हजार पाकक्रिया' आहेत. मी काही विदुषी नाही, मला एवढं माहीत असेल तर तुमच्या कचेरीतल्या कुणालाही असायला हरकत नव्हती.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आला नाही तो वाटीवरचा टोमणा. वाटी म्हणजे नेमकी कोणती वाटी, आमटीची की श्रीखंडाची, असं विचारून लेखिकाबाईंनी आमच्या अख्ख्या पिढीला अडाणी ठरवलं आणि पुढे ग्रॅम, मिलिलिटर आणि डिजिटल काट्याची महती गायली.

बाई, वाटी कुठलीही घ्या. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ. वाटी लहान घेतलीत तर भाजणी थोडी होईल, मोठी घेतलीत तर डबा भरेल. चाराला दोन आणि दोनाला एक, हे तेवढंच राहतं. उकडीचं पाणीही त्याच वाटीनं मोजायचं. घोटाळा होतो तो मिठाशी, कारण मीठ चमच्यानं आणि चमचा आपला नेहमीचाच. एकदा मी सासूबाईंच्या थोरल्या पितळी वाटीनं मापं घेतली आणि मीठ मात्र रोजच्या चमच्यानं घातलं, तर घाणाच्या घाणा आळणी. इतपत दोष मी मान्य करते. माझ्या आईची वही पावशेर, नवटाक आणि छटाक अशी लिहिलेली होती. मी शाळेत असताना किलो आणि ग्रॅम आले आणि ती वही घरात कुणाला लागेना. शेर गेला, तोळा सोनारापुरता उरला. वाटी आहे तिथेच आहे.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला घेतलं ते.

माझी 'रुचिरा' मला १९७६ साली लग्नात मामीनं दिली. पहिल्या दिवाळीला त्यातून बघून चकली केली, ती कढईत विरली. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'विरली. मोहन जास्त.' मोहन म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तेल. दुसऱ्या वर्षी 'कडक. दात!' १९७९ला 'जमली', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागितली'. पुढे 'तांदूळ नवा, पाणी पाऊणच', 'भाजणी गिरणीत गव्हावर दळू नये', 'सोऱ्याची चांदणी झिजली, काटे येत नाहीत, चकती बदलणे'. १९८३ समोर नुसतं 'केली नाही'. त्या आश्विनात सासूबाई गेल्या. असं बारा वर्षं लिहीत गेले. शेवटी छापलेली कृती कुठली आणि माझी कुठली, हे माझं मलाच कळेना.

१९८८च्या नवरात्रात आमच्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "चार दिवस नेते गं, दिवाळीचं बघायचंय." मी दिली. थोरल्या जावेला नाही कसं म्हणणार? दिवाळीनंतर विचारलं तर घराला रंग चाललेला आणि पुस्तकं माळ्यावर. संक्रांतीला विचारलं तर पाहुणे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा, "कुठलं पुस्तक?"

१९९४ला त्यांच्याकडे धाकट्या पुतण्याची मुंज होती. साखर संपली म्हणून मला आत पाठवलं. कपाटात साखरेच्या डब्यामागे तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक. कव्हरवर वळणदार अक्षरात जाऊबाईंचं नाव. मी चकलीचं पान शोधलं नाही, ते आपोआप उघडलं. 'विरली. मोहन जास्त.' माझं अक्षर. पहिलं पान, ज्यावर मामीनं 'सप्रेम' लिहिलं होतं, ते मात्र ब्लेडनं कापावं तसं गेलेलं. बाहेर भिक्षावळ चाललेली, दाराशी हळदीकुंकवाला बायका. पुस्तक जागच्या जागी ठेवलं आणि साखर घेऊन बाहेर आले.

पुस्तकाचं दुःख एवढं नाही हो. त्या दिवशी पंगतीला चकली होती. प्रत्येक जण म्हणत होता, वहिनींच्या हातची चकली म्हणजे काय! आमच्या सगळ्या गोतावळ्यात आज त्यांचं नाव आहे ते चकलीसाठी. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांचा व्हिडिओसुद्धा काढला. त्यात त्या सांगतात, "तांदूळ नवा असेल तर पाणी पाऊणच घ्यायचं, हे मला अनुभवानं कळलं." अनुभव कुणाचा ते १९८१च्या ओळीत पेन्सिलीनं लिहिलेलं आहे.

आमच्या ह्यांनी १९९५ला नवी प्रत आणून दिली. छान आहे, कागदही बरा. मी बसून आठवून आठवून समास भरले. पण १९७९ला, जेव्हा पहिल्यांदा जमली, तेव्हा चार वाट्यांना मोहन किती घातलं होतं, ते काही केल्या आठवेना. हल्लीची माझी चकली चांगली होते. दुसऱ्यांदा कुणी मागत नाही.

तेव्हा लेखिकाबाईंना सुचवावंसं वाटतं, की लोकांना 'तुमचं आवडतं पाककृतीचं पुस्तक कोणतं' असं विचारू नका. त्यावर सगळे शोभेची नावं सांगतात. 'तुमच्याकडून नेलेलं कोणतं पुस्तक परत आलं नाही' असं विचारा. यादी आपोआप तयार होईल आणि तिला फोटोची गरज पडणार नाही. माझी सून मोबाइलवर बघून करते. करते चांगलं, उगाच कशाला नावं ठेवू? फक्त पीठ मळताना स्क्रीन विझली की कोपरानं टोचत बसते. पण तिचा मोबाइल कुणी चार दिवस मागून नेत नाही, हा फायदा मान्य केला पाहिजे.

विषय निघालाच आहे तर तुमच्या पाककृतीच्या सदराबद्दलही. मागे अधिक महिन्यात तुम्ही अनारशांची कृती छापलीत. तांदूळ 'तीन तास' भिजत घाला म्हणून. तीन दिवस, संपादक महाराज, तीन दिवस, आणि पाणी रोज बदलून! आमच्यासारख्यांना ते कळतं, पण शेजारच्या घरी नवी सून आहे. तिनं नणंदेच्या नवऱ्याला वाण द्यायचं म्हणून तुमच्यावर भरवसा ठेवून तेहतीस अनारशांचा घाट घातला. तुपात सोडला तो प्रत्येक अनारसा हसला, म्हणजे फुटून पसरला. ओट्याशी उभी असलेली सासू मात्र हसली नाही. शेवटी जावयाला तेहतीस बत्तासे गेले. मी त्याच आठवड्यात तुम्हाला पत्र लिहिलं होतं. चूकभूल म्हणून दोन ओळी छापायला काय हरकत होती? मंत्र्याचं आडनाव चुकलं तर पहिल्या पानावर दिलगिरी, आणि अनारशाला कुणी वाली नाही.

शिवाय ज्या पानावर कृती, त्याच्याच पाठीवर तुम्ही शब्दकोडं छापता. मी कात्री घेऊन येईपर्यंत ह्यांनी पेन उघडलेलं असतं. कोडं सोडवून होईतो मंगळवार उजाडतो आणि तोवर पुरवणीवर चहाचा कप ठेवून झालेला असतो. मी आधी कापलं तर 'उभे शब्द' सात ते बारा जातात आणि दोन दिवस घरात अबोला. चौतीस वर्षं तुमचा अंक घेतो आहोत. कोड्याच्या पाठीशी राशिभविष्य छापा, ते कापायची वेळ आमच्या घरात कधी आलेली नाही.

पत्र लांबलं, काटछाट केलीत तरी चालेल. फक्त चकलीचा भाग कापू नये. जाऊबाईंकडे तुमचाच अंक येतो आणि हे सदर त्या न चुकता वाचतात. पुस्तक परत नको, ते आता त्यांच्याच कपाटाला शोभतं. १९७९ची ओळ तेवढी त्यांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवावी. वसुबारसेच्या आत मिळाली तर बरं.

कळावे,
एक जुनी वाचक, मिरज

ता. क. नाव छापू नये. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.