आधी बर्फ तपासा, मग शीड उभारा

संपादक साहेब, स. न. वि. वि.

गोठलेल्या तळ्यावर शिडाची बोट सुसाट पळतानाचे व्हिडिओ सगळे बघतात, पण त्याआधी बर्फ कसा तपासतात ते कुणी दाखवतच नाही, म्हणून हे पत्र. या खेळातली सगळ्यात फेमस बोट डीएन, ती १९३७ साली डेट्रॉइट न्यूज या पेपरच्याच वर्कशॉपमधे तयार झाली, १२ फूट लांब, ६० चौरस फुटांचं शीड. खाली स्टीलच्या धारदार पट्ट्या, घर्षण नावालाच, त्यामुळे वाऱ्याच्या कितीतरी पट स्पीड मिळतो आणि मग पुढे पातळ बर्फ दिसला तरी थांबायला वेळच उरत नाही.

काळसर पारदर्शक बर्फ मजबूत, पांढरट बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा. नुसतं चालायला पण ४ इंच पारदर्शक बर्फ तरी हवाच. बरं एका जागी भोक पाडून मोजलं की झालं असं नाही, झरा, ओढ्याचं तोंड, पुलाखालचा भाग इथे चार पावलांवर जाडी बदलते, म्हणून पहारीने ठोकत ठोकत पुढे जायचं. वर भुसभुशीत हिम साचलं की खालचा बर्फ हळूहळूच वाढतो. आणि थंडी सरताना तर जाड बर्फसुद्धा आतून उभ्या कांड्यांसारखा सुटा होतो, तेव्हा इंच मोजून काहीच कळत नाही!

गळ्यात टोकदार टोचे अडकवलेले हवेतच, पाण्यात पडल्यावर ओल्या गुळगुळीत कडेला हाताने पकड मिळत नाही. अशा व्हिडिओची बातमी देताना एवढं तरी सोबत छापा ही कळकळीची विनंती.

एक वाचक