फ्लॅटचे पैसे आणि 60 हजार डॉलर

पुणे, 7 डिसेंबर 2025

प्रिय मन्या,

तुझ्या दिवाळीतल्या फोनवर मी नुसतं "बघू" म्हटलं आणि नंतर महिनाभर गप्प बसलो, ते फार टोचत होतं. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच. फोन केला असता तर तू मध्येच तोडलं असतंस, आणि आकडे कागदावरच बरे, म्हणून लिहितोय.

सिंहगड रोडच्या फ्लॅटचे कर वजा जाता उरलेले 40 लाख तीन अमेरिकी क्लाउड कंपन्यांच्या (इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) शेअर्समध्ये घालायचे म्हणतोस. क्लाउडचा धंदा वाढेल की नाही यावर आपलं भांडणच नाही. 2024 मध्ये ॲमेझॉनच्या 638 अब्ज डॉलर विक्रीत एडब्ल्यूएसचा, म्हणजे तिच्या क्लाउड विभागाचा, वाटा फक्त 107.6 अब्ज होता, पण 68.6 अब्जांच्या कार्यकारी नफ्यातले 39.8 अब्ज तिथूनच आले. एकच लक्षात ठेव: हा नफा सर्व्हर किती वर्षं टिकतो असं धरलंय त्यावरही हलतो. ॲमेझॉनने काही सर्व्हरचं आयुष्य यंदा सहावरून पाच वर्षांवर आणलं. तेवढ्यानेही घसारा वाढतो आणि नफा घटतो. तिमाही अहवालात आधी हे बघ, मग वाढीचे टक्के.

माझा जीव मात्र अडकलाय तुझ्या आरएसयूत, म्हणजे कंपनी पगारासोबत देते त्या शेअर्समध्ये. सगळे मिळून 55 हजार डॉलरचे झालेत म्हणालास. त्यात फ्लॅटचे हे 40 लाख, म्हणजे जवळपास 45 हजार डॉलर, घातलेस की झाले 1 लाख. उद्या तुला काही झालं (मन्या, लिहितानाही हात अडखळतो) तर अमेरिका त्यावर वारसा कर मागेल. त्यांच्या नागरिकाला यंदा 1 कोटी 39 लाख 90 हजार डॉलरपर्यंत माफी आहे. आपल्यासारख्याला फक्त 60 हजार. 1 लाखावर कर बसतो 10,800 डॉलर, म्हणजे आजच्या दराने साडेनऊ लाखांच्या वर. शुभदावहिनीने नऊ महिन्यांत 706-एनए फॉर्म भरायचा, मग तिथल्या कर खात्याचा दाखला येईपर्यंत शेअर्स हलत नाहीत. आपला त्यांच्याशी करार आहे तो आयकरापुरता, यात तो उपयोगी नाही. ब्रोकर भारतातला असला तरी सुटका नाही, कंपनी कुठे नोंदलेली आहे ते बघतात. अमेरिकेतले ईटीएफही (बाजारात शेअर्ससारखे विकले जाणारे फंड) यात धरतात.

म्हणून आरएसयू हातात पडले की विकून टाकत जा. त्या दिवशीच्या भावावर तुझ्या पगारातून कर कापला गेलेला असतो, लगेच विकलेस तर नवा नफा जवळजवळ शून्य. यावरून आपण अमृततुल्यात दोन चहा गार करून भांडलो होतो, "कंपनीवर विश्वास नाही का तुझा?" म्हणाला होतास. विश्वासाचा प्रश्नच नाही रे. पगार क्लाउडचा, शेअर्स क्लाउडचे, आता घराचे पैसेही क्लाउडमध्ये? मंदी आली तर तिन्ही एकदम आटतील. आपल्या बंड्याने तेव्हाच माझं ऐकलं.

तरीही घ्यायचेच असतील तर आयर्लंडमध्ये नोंदलेले, लंडनला मिळणारे फंड बघ. त्यांना हा वारसा कर लागत नाही. एनएसईवरचे परदेशी ईटीएफ घेणार असशील तर आधी आय-एनएव्ही, म्हणजे युनिटची त्या घडीची खरी किंमत, बघ. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर 7 अब्ज डॉलरची मर्यादा असल्याने नवी युनिट्स सहज निघत नाहीत, मग बाजारात ती खऱ्या किमतीपेक्षा महाग विकली जातात.

आणि 40 लाख एकदम पाठवू नकोस. एका नावावर वर्षाला 10 लाखांच्या वर 20 टक्के टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागतो. बँक तुझ्याकडून 6 लाख वेगळे घेईल. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, पण तोवर अडकतात. फ्लॅट दोघांचा, हप्ते दोघांनी फेडलेत. तेव्हा 31 मार्चआधी 10 लाख तुझे, 10 वहिनींचे, आणि 1 एप्रिलनंतर पुन्हा तेवढेच. टीसीएस शून्य. पाठवलेले डॉलर "भाव पडला की घेऊ" म्हणून ठेवून देऊ नकोस, 180 दिवसांत गुंतवावे नाहीतर परत आणावे लागतात.

याहून घाईचं म्हणजे, तू अजून "सहज" (आयटीआर-1, आयकर विवरणपत्राचा साधा फॉर्म) भरतोस ना? परदेशी शेअर्स असताना तो फॉर्म चालत नाही. 31 डिसेंबरच्या आत आयटीआर-2 मध्ये सुधारित विवरणपत्र भर आणि शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) 2024 च्या जानेवारी ते डिसेंबरचा तपशील दे, एकही शेअर विकला नसला तरी. लपवल्याचा दंड 10 लाख आहे. 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला सूट आहे, तुझी त्याच्या कितीतरी वर.

चिनूची बारावी आली ना? तिला गणिताच्या पेपराआधी फोन करतो. नवं घर लागलं का? पाण्याचं काय झालं?

हे पत्र वहिनींना वाचून दाखव. आणि आरएसयूचं स्टेटमेंट पाठव, शेड्यूल एफए आपण रविवारी व्हिडिओ कॉलवर भरू. मी संध्याकाळी पाचनंतर मोकळा आहे.

तुझा,
अव्या

ता. क. बँकेत ए2 फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) उद्देशाचा कोड एस0001, म्हणजे परदेशी शेअर्समधल्या गुंतवणुकीचा, आहे ना, ते स्वतः बघ. काउंटरवर घाईत कुटुंबाच्या निर्वाहाचा कोड टाकला तर तो दुरुस्त करून घ्यायला पुन्हा खेटे.