वाद प्लास्टिकच्या दस्त्याचा नाही, चापाचा आहे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या शिकारीच्या हंगामावर आलेल्या लेखाचं कात्रण बहिणीने रत्नागिरीहून पाठवलं. लेख वाचनीय आहे. पण पेनसिल्व्हेनियातल्या ठासणीच्या बंदुकांच्या जुन्या शौकिनांना त्यात दोन-तीन ओळींत आणि जरा चेष्टेच्या सुरात उरकलं आहे. नव्या धर्तीच्या चकमकी बंदुका बाजारात आल्या आणि काळ्या प्लास्टिकचा दस्ता दिसला की ही मंडळी नाकं मुरडतात, एवढंच वाचकाला कळतं. मी या राज्यात बावीस वर्षं राहतो आणि त्यातली चौदा वर्षं या मंडळींच्या शेजारी चांदमारीला उभा राहिलो आहे. त्यांचा राग मी जवळून ऐकला आहे. त्यात दस्त्याचा वाटा फार थोडा आहे, म्हणून हे पत्र.

ठासणीची बंदूक मला इथे येऊन कळली असं नाही. गावी आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक होती. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी अशा बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणूनच कोकणात ती अजून वाड्यांवाड्यांतून टिकून आहे, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते म्हणून शेतकरी अजून कुरकुरतात. आजोबांची बंदूक टोपीवर उडायची. टोपी म्हणजे घोडा आदळला की पेटणारी मसाल्याची छोटी धातूची वाटी. नळीच्या तोंडाकडून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. हे सगळं ते इतक्या सावकाश करायचे की तोवर डुकरं दुसऱ्याच्या भातात पोचायची. चकमकीची बंदूक त्याहून जुनी. तिला टोपीसुद्धा नसते.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचा वाद त्याशिवाय कळणार नाही. बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड आवळलेला असतो. खटका ओढला की घोडा पुढे झेपावतो, दगड समोरच्या पोलादी झापडेवर घासला जातो आणि झापड मागे उलटते. खालची वाटी उघडी पडते. घोडा, झापड आणि वाटी ही सगळी जुळणी म्हणजे चाप. वाटीत चिमूटभर बारीक दारू असते, आपल्याकडे तिला रंजक म्हणत. ठिणग्या रंजकेवर पडतात, ती भपकन पेटते, आणि तिची आच नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत जाते. मग बार. सगळं जुळून आलं तर खटका आणि बार यांतलं अंतर कानाला जाणवतही नाही. एक गोष्ट जरी चुकली तर रंजक उडते आणि बार होत नाही, आणि हरीण मान वर करून तुमच्याकडे बघत राहतं.

ठिणगी म्हणजे दगडाचा कण नव्हे. दगडाच्या धारेने पोलादाचा कीस निघतो आणि तो जळतो, ती ठिणगी. त्यामुळे सगळी मदार झापडेच्या पोलादावर. ते वरून कडक हवं, पाणी बरोबर दिलेलं हवं. मऊ राहिलं तर इंग्लंडातल्या ब्रँडनची उत्तम काळी चकमक लावूनही उजेड पडत नाही. जुने शौकीन दुकानात बंदूक हातात घेतात तेव्हा दस्ता नंतर बघतात. आधी घोडा चढवून ठिणग्या बघतात.

आता नव्या बंदुकांत काय बदललं ते पाहा. दस्ता प्लास्टिकचा झाला, पावसात फुगत नाही. नेम धरायच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या खुणेवर, आणि मागच्या खाचेत चमकणारे रंगीत ठिपके आले. नळीच्या मागचं बूच आट्यांचं झालं, ते काढून नळी आरपार धुता येते. आणि मुख्य म्हणजे सुट्या दारूऐवजी कारखान्यात दाबून केलेल्या दारूच्या वड्या टाकता याव्यात अशी मागची कोठी, म्हणजे नळीत दारू बसते ती जागा, घडवली. मापटं नको, ओतणं नको, दोन वड्या टाकल्या की झालं. पण खरी काळी दारू, म्हणजे ७५ भाग शोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, जितक्या सहज पेट घेते तितक्या सहज या वड्यांतली बदली दारू घेत नाही. तिला जास्त आच लागते. टोपीच्या जोरावर ती पेटते, रंजकेच्या त्या क्षणभराच्या ज्योतीवर भरवसा नसतो. शेवटी बरेच जण वड्यांच्या खाली थोडी खरी दारू ओततातच. मग वड्यांनी वाचवलं काय?

आणि इतकं सगळं बदलून चाप कित्येकदा सगळ्यांत स्वस्तातला. आमच्या मैदानावर मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे: नवी बंदूक, नवा दगड, आणि सातव्या-आठव्या बाराला ठिणग्या मरतात. शेजारी कुणी हाताने बसवलेला चांगला चाप घेऊन उभा असतो, तो दुपारपर्यंत एकही बार चुकवत नाही. जुन्यांचा खरा आक्षेप हा आहे, आणि मला तो शंभर टक्के पटतो. सुधारणा चुकीच्या जागी झाली.

सुधारणेला त्यांचा विरोध असता तर त्यांना इतिहासाचाच आधार राहिला नसता. चकमकीच्या काळातले कारागीर तरी कुठे स्वस्थ बसले होते? लंडनच्या हेन्री नॉकने १७८७ साली नळीच्या मागच्या कोठीची नवी रचना पेटंट केली, दारू चटकन आणि पुरती पेटावी म्हणून. त्यानंतरच्या इंग्रजी बंदुकांत छिद्र झिजू नये म्हणून सोन्याचं, प्लॅटिनमचं अस्तर बसवत, झापडेच्या स्प्रिंगवर बारीक चाक लावत, वाटीत पाणी शिरू नये अशी तिची घडण करत. स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांना पक्ष्यांची शिकार आवडायची आणि रंजकेचा भपका दिसताच पक्षी उडून जायचे. त्या वैतागातून त्यांनी १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं आणि चकमकीचं युग उतरणीला लागलं. ही सारी खटपट ठिणगी ते बार या वाटेवरची होती. माझ्या ओळखीचे कट्टर म्हणवणारे लोकही आज छिद्रात आतून निमुळतं केलेलं स्टेनलेस स्टीलचं अस्तर बसवून घेतात. त्याला कुणी बाट मानत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. पेनसिल्व्हेनियात चकमकीचा हरणांचा हंगाम १९७४ साली सुरू झाला. नाताळनंतर, जानेवारीच्या थंडीत, बाकीच्या शिकाऱ्यांनी बंदुका पुसून ठेवल्यावर हे लोक जंगलात शिरतात. टोपीची बंदूक चालत नाही, दुर्बीण चालत नाही, नळी एकच, व्यास किमान .४४ इंच. सुरुवातीला कापडात गुंडाळलेली शिशाची गोल गोळीच चालायची, पुढे ती अट सैल झाली. हे जादा दिवस मिळाले ते हत्यार अवघड होतं म्हणून. एक बार, जवळचं अंतर, ओल लागली की संपलं. हत्यार सोपं होत गेलं तर उद्या बाकीचे शिकारी विचारतील, यांनाच वेगळे दिवस कशाला? त्याला उत्तर देणं कठीण जाईल.

ही भीती हवेतली नाही. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी एमके-८५ ही ठासणीची बंदूक आणली. तिच्यात आघात नळीच्या सरळ रेषेत मागून होतो, वर दुर्बीण बसते, आणि दुरून पाहिलं तर आजच्या रायफलीहून ती फारशी वेगळी वाटत नाही. कित्येक राज्यांत ठासणीच्या हंगामात आता हीच जात दिसते. तोंडाकडून भरतात एवढंच ठासणीचं उरलं. ते पाहिलेली माणसं पेनसिल्व्हेनियाच्या चकमकीकडे डोळ्यांत तेल घालून बघतात, यात नवल नाही. कोलोरॅडोने उलट बाजूने कुंपण घातलं. तिथे टोपी चालते, पण दुर्बीण नाही आणि दारूच्या वड्या नाहीत, सुटीच ओतायची. मला विचाराल तर आमच्या राज्याने चकमकीच्या जोडीला सुट्या दारूचीही अट घालावी. दस्ता ज्याला हवा तसा ठेवू द्या.

जुन्यांचं सगळंच मला पटतं असंही नाही. रंगीत ठिपक्यांच्या माशीवर ते तुटून पडतात तेव्हा मी गप्प बसत नाही. माझं वय एकसष्ट आहे. जानेवारीतल्या संध्याकाळी झाडांच्या सावलीत पितळी माशी मला दिसत नाही, आणि न दिसता मारलेली गोळी हरणाच्या पोटात जाते. ते जखमी जनावर रात्रभर बर्फात रक्त सांडत फिरणार असेल तर तसली परंपरा मला नको. किमतीचंही तेच. लँकेस्टर हे लांब नळीच्या पेनसिल्व्हेनिया रायफलीचं माहेरघर. अठराव्या शतकात जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी आपल्या आखूड रायफलीची नळी इथे लांबवली, लाटालाटांच्या रेषांच्या मेपल लाकडाचा दस्ता चढवला, आणि जेकब डिकर्टसारख्यांची नावं त्यावर कोरली गेली. त्या घडणीची हाताने बनवलेली बंदूक आज घ्यायची तर हजारो डॉलर लागतात. कारखान्यातली काहीशे डॉलरांत येते. विशीतल्या मुलाने ती घेतली तर त्याला हिणवण्याचा अधिकार कुणाला?

गेल्या हिवाळ्यात असाच एक मुलगा मैदानावर आला. काळा दस्ता, वड्यांचं पाकीट, सगळं कोरं. तीन वेळा रंजक उडाली, बार झाला नाही. त्याचा चेहरा पडला. आमच्यातले सगळ्यांत कडक टीकाकार, वय अठ्ठ्याहत्तर, काठी टेकत त्याच्याकडे गेले. मला वाटलं आता सुनावतात. त्यांनी बंदूक सुरक्षित दिशेला धरायला लावली, थोडं थांबायला सांगितलं, आणि मग आट्याचं बूच काढून वड्या बाहेर काढल्या. मागचं बूच काढता येतं हे बरं आहे, एवढं ते मोठ्याने म्हणाले. दगडाखाली चामड्याची नवी घडी घातली, धार झापडेला सरळ भिडेल अशी आवळली, छिद्रात तार फिरवली. स्वतःच्या दारू ठेवायच्या शिंगातून मापटंभर दारू मोजून त्याला दिली आणि ठासायला सांगितली. रंजक वाटीत काठोकाठ भरू नकोस, छिद्र बुजवू नकोस, एवढंच बजावलं. बार झाला तेव्हा त्या पोराने आरोळी ठोकली. पुढच्या आठवड्यात तो सुट्या दारूचा डबा घेऊन आला. दस्ता अर्थातच तोच होता आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आपल्या लेखकांचा पुन्हा इकडे येण्याचा योग असेल तर नाताळनंतरच्या आठवड्यात यावं. मैदानावर माझ्याकडे एक जादा बंदूक असते, मेपलच्या दस्त्याची. शेजारच्या मित्राकडे प्लास्टिकची आहे. दोन्हींचे पाच-पाच बार करून बघावेत आणि मग पुन्हा लिहावं.

आपला,
एक वाचक
लँकेस्टर परगणा, पेनसिल्व्हेनिया