मिहानला ‘नाही’ कळवलंय

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मधेच तोडलं असतं आणि आईनं फोन काकूच्या हातात दिला असता. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, चष्मे लावून.

मिहानमधल्या कंपनीची नोकरी मी घेत नाहीये, त्यांना ‘नाही’ म्हणून कळवलंय. आणि येत्या सीझनपासून मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या बाइक-शर्यतींच्या, ओपन क्लासमध्ये मुलांबरोबर गाडी पळवणार नाही. लेडीज क्लासमध्ये उतरेन आणि बाकी दिवस इथे पुण्याजवळच्या ट्रॅकवर लहान मुलींना शिकवेन. पगार आताच्यापेक्षा कमी आहे, पण ठरलेला आहे. घरी येतात ते पैसे तसेच येतील, त्यावर चर्चा नको.

आईनं एव्हाना हुश्श केलं असेल. बाबा, तुमचं तोंड उतरलं असणार. ‘काऊन वं, पोट्ट्यायले भेली काय?’ नाही हो बाबा, भ्यायले असते तर पहिल्याच वर्षी परत आले असते.

तुम्ही मला त्या स्पेनच्या आना कारास्कोचा व्हिडिओ किती वेळा पाठवलात! २०१८ मध्ये ती सुपरस्पोर्ट ३०० ची जगज्जेती झाली, पुरुषांच्या नाकावर टिच्चून, हे खरंच. पण ते डांबरी सर्किट आहे, गाडी लहान आणि रस्ता गुळगुळीत. लाया सान्झ २०१५ च्या डाकार रॅलीत बाइकवाल्यांमध्ये पुरुष धरून नववी आली, तेही खरं. तिथे दोन आठवडे वाळवंटात डोकं शांत ठेवून रस्ता शोधायचा असतो. आमचा खेळ वेगळा. सुरुवातीचं गेट पडलं की चाळीस गाड्या एकाच वळणावर घुसतात. तिथून पुढे बहुतेक वेळ फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून शंभर-एकशे दहा किलोचं धूड उड्यांवरून न्यायचं, आणि ते खाली आपटलं की हँडल सुटू द्यायचं नाही. पुरुषांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये हे तीस मिनिटं अधिक दोन लॅप चालतं, एका दिवसात दोनदा. बायकांची शर्यत वीस मिनिटं अधिक दोन लॅप.

मोटो, म्हणजे एक शर्यत, संपली की मला हेल्मेटचा पट्टा सोडता येत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत हात दगडासारखे झालेले असतात, बोटं वळत नाहीत, त्या दोन कड्यांतून पट्टा मागे ओढायचा कसा? मेकॅनिक पोरगा येऊन सोडतो. आम्ही याला आर्म पंप म्हणतो. मुलांनाही होतो, पण माझा अर्ध्या शर्यतीतच सुरू होतो. वयात आल्यावर मुलांच्या दंड-खांद्यांत जे बळ येतं, त्याच्या निम्मं ते दोन-तृतीयांशच बायकांकडे असतं. व्यायामानं अंतर कमी होतं, मिटत नाही. (आई, व्यायाम चालू आहे आणि अंडीही खातेय, आजीला सांगू नकोस.)

पण हे एवढंच कारण सांगून कुणी विषय मिटवला की माझं डोकं फिरतं. अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या पोरांसाठी ५० सीसीचा वेगळा गट असतो. मी पहिल्यांदा खऱ्या डर्ट बाइकवर बसले ती कॉलेजात. माझ्या गेटवर जे मुलगे असतात त्यांचे बाप, काका सगळे याच खेळातले. पुरुषांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५७ पासून आहे, बायकांची २००८ पासून. इटलीची कियारा फोंतानेसी सहा वेळा जिंकली, न्यूझीलंडची कोर्टनी डंकन चार वेळा, कारण त्यांना एकमेकींशी घासायला मिळालं. आमच्याकडे लेडीज क्लासला कधी कधी चारच जणी उभ्या असतात. त्यातल्या पहिलीला मुलांत सोडलं आणि ती शेवटून दुसरी आली, की बघणारे म्हणतात, बायकांचं काम नाही हे. स्पॉन्सर तेच ऐकतो. चांगली इंपोर्टेड गाडी आठ लाखांच्या घरात, वर पासिंग नाही म्हणून रस्त्यावर चालत नाही. एवढे पैसे मुलीवर कोण लावणार? तुम्ही लावलेत, ताईच्या वेळचं सगळं झालेलं असूनही. ते मी विसरलेले नाही.

म्हणून, बाबा, ओपनमध्ये विसावी येण्यापेक्षा मला सहा-सात वर्षांच्या पोरी गेटवर उभ्या करायच्या आहेत. त्या वयात मुलगा-मुलगी ताकदीत फारसा फरक नसतो. तेव्हाच हातात गाडी आली तर पुढे काय होईल ते त्यांचं त्या बघतील.

माझी काळजी करू नका. खोली स्वच्छ आहे, गीझर आहे, डबेवाल्या मावशी यवतमाळच्या आहेत, त्यामुळे भाजीला तिखट असतं. विमा काढलाय. नेक ब्रेस, नी ब्रेस, चेस्ट प्रोटेक्टर घातल्याशिवाय ट्रॅकवर पाय ठेवत नाही. आई, गुडघा खरचटला की अजून मला तुझी हळद आठवते, आणि वर बांधलेली जुन्या लुगड्याची चिंधी. बाबा, तुमच्या राजदूतच्या टाकीवर बसून सीताबर्डीहून घरी येईपर्यंत मी झोपून जायचे. तुम्ही एका हातानं मला धरायचात. आई ओरडायची.

आता माझं ऐका. बाबा, कूलरमध्ये पाणी भरायला बादली उचलायची नाही, पाइप लावा. स्टेंट टाकलाय तो मिरवायला नाही. वाळ्याच्या ताट्या मेच्या आधी बदलून घ्या, पैसे मी पाठवते. धंतोलीला डॉक्टरकडे जाताना स्कूटर बंद. सुभाषनगरहून मेट्रोनं सीताबर्डीला उतरा, पुढे ऑटो करा. दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं नाही, भिशी असली तरी. आई, हे तुला आहे. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही.

मिहानची नोकरी घेतली असती तर रोज संध्याकाळी तुमच्याजवळ असते, हे मला कळतं. सारखं कळत असतं. दिवाळीला दहा दिवस येतेय, सुट्टी आधीच मागून ठेवलीय.

आणि बाबा, एक काम आहे. इथल्या पोरींच्या गाड्या टू-स्ट्रोक आहेत, तुमच्या राजदूतसारख्या, आणि कार्बोरेटर धड साफ करणारा माणूस मिळत नाही. पाऊस लागला की आईला घेऊन या. तिकीट मी काढते, एसी टू-टियरचं, गरीबरथचं नाही. येताना माळ्यावरचं माझं छोटं नी गार्ड आणा, इथे एकीला नेमकं बसेल. शिडीवर तुम्ही चढायचं नाही, खालच्या मजल्यावरच्या पोराला सांगा.

तुमची,
चिंगी